टिन मुकं झालं तवापासून

(आंजी इथे बाजा विणणारे किसनबुवा यांनी सांगितलं, तसंच उतरवून घेतलं.)

माहा जलम अठीचाच, मोठ्या आंजीचा, बाप अठीच गेला, माय बी अठीच गेली. वय इचारसान तं मले नाई सांगता येनार, आधार कार्डावर एक लिहिलं हाय, माय दुसरंच सांगे, आनि माह्यी बायको म्हनते का दोन्ही खोटं हाय, तुमी याच्याहून बुडे हा. मी पोट्टा होतो, चांगला पळत होतो, तवा आंगात देवी आल्या. देवी म्हंजे ते फोड येत पयले, आता नाई येत कोनाले. मी वाचलो, डोळे गेले. माय म्हने, देवीनं पोरगं वापस देल्लं आनि डोळे ठेवून घेतले. आता काय सांगू तुमाले ताई, याच्यात माह्यावर दया झाली का राग झाला ते मले अजून समजून नाई राह्यलं, पन मायसंग कोन भांडनार.

बाज इननं मले कोनी शिकवलं नाई. घरात एक बाज होती, तिच्या सुतळ्या मी बसल्याबसल्या बोटानं उकलत गेलो, सारी बाज उसवली, मायनं पाठीत धपाटे घातले आनि म्हने, आता लाव पयल्यासारखी, नाई तं जमिनीवर निज. मंग लावली. चुकली, पुन्ना लावली. लावता लावता हात शिकले. तवापासून हाच धंदा, लोक बाज आनून टाकतात, मी इनून देतो, सुतळी असो का आताची नायलॉनची पट्टी असो. उन्हाळा म्हंजे माहा सिजन. आमच्या इकडे उन्हाळ्यात घरात कोन निजते? सारे आंगनात बाजा टाकतात, आनि बाज ढिली झाली का मानूस मधात खड्ड्यात जाते, मंग आठवन येते किसनबुवाची. बाकीचं वर्सभर राम राम बी नाई करत, जाऊ द्या.

लगन झालं. पारबती आली, वर्धेच्या तिकडची, पिपरीची. आंधळ्याले पोरगी कशी देल्ली म्हनून लोक इचारत, तं तिचा बाप म्हने, हाताचं काम हाय, दारू पेत नाई, आनखी काय पाहिजे. ते बी खरंच हाय. पारबती वावरात जाते रोजानं, निंदाले, कापूस येचाले. एक पोरगी, मंदा, ते आष्टीले देल्ली. घर आमचं पयले कवेलूचं होतं, माकडं येत आनि कवेलू फोडत, दर पावसाच्या आंधी सारं छप्पर फेरा. मंग घरकुलात विटाच्या भिंती झाल्या आनि वर टिनं पडली.

टिनं पडली आनि माह्याजवळ घड्याळ आलं. हसू नका ताई, खरं सांगून राह्यलो. टिन बोलते. सकाळी ऊन निघालं का पूर्वेकडच्या टिनावर टक् वाजे, मंग उलिसक थांबून टक्, मंग टक् टक्, का समजावं आता बायका वावराले निघाल्या पाहिजे. दुपारी टिन बोलत नाई, ते तापून गप राह्यते, डोक्यावर कोनी तवा धरल्यासारखं वाटते, का समजावं भर दुपार. मंग ऊन कललं का पश्चिमेकडची टिनं सुरू होत. आनि झाकट पडाच्या वख्ताले टिन थंडं व्हाले लागे, तवा जे तडतड होये, हे टिन बोलते, ते टिन बोलते, जशा बाया कामाहून वापस आल्यावर बोलतात. मधातच आभाळाचा तुकडा सूर्यासमोर आला तरी मले कळे, एक टिन आवाज करे. डोळे असनाऱ्यांले पाहा लागे वर, मले पाहा नाई लागे.

सारी गल्ली मले वेळ इचारे. शेजारी वामन हाय, त्याचं घर मारोतीच्या पाराजवळ, त्याच्या घरी घड्याळ हाय, मोबाईल हाय, तरी रस्त्यानं जाता जाता हाक मारे, काऊन किसनबुवा, किती वेळ झाला? मी सांगो, आनि तो मोबाईल काढून पाहे आनि म्हने, बरोबर हाय बुवा. मस्करी करे तो, मले मालूम होतं, पन बरं वाटे. आनि पारबती बी, वावराले निघताना मलेच इचारे, मंदाचे बाबा, निघू का? मी म्हनो, थांब, टिन अजून एकच डाव वाजलं. मंग ते भाकरी बांधून उभी राहे. घरात आमच्या डोळे तिचे आनि वेळ माह्यी, असा संसार चालला.

आता मांगच्या उन्हाळ्याची गोठ. एक बाज अर्धी इनून झाली होती, लगनघरची होती, त्याहिले घाई होती, म्हनून मी दुपारीबी इनत बसलो. आनि मले वाटलं का सुतळी हातातून जाऊन राह्यली, मंग वाटलं मायच बोलावून राह्यली. पारबती आली तं मी बाजीच्या चौकटीत पडलेलो. लू लागली. दवाखान्यात नेलं, सलाईन लावली, डॉक्टर पारबतीले म्हने, आजी, पुढच्या उन्हाळ्यात हे या टिनाखाली राहिले तर मी काही सांगू शकत नाही. मी आयकत होतो. डॉक्टर लोकाईले वाटते आंधळा मानूस बहिरा बी असते.

मंग गावातल्या दवाखान्यावाल्या आशाताईनं आमचं नाव लिहून देल्लं. कायची तरी सरकारची योजना होती, गरीब हाय, बुडे हायेत, अपंग हायेत, त्याहिच्या घराची गरमी कमी करून द्याची आनि लाइटीचा खर्च बी कमी. आता तुमीच सांगा, सरकारले माह्या घराच्या गरमीचं काय पडलं? मले तं काई समजलं नाई. वर्ध्याहून एक मॅडम आली, इंजिनेर होती, आवाजानं पोरगीच वाटे. तिनं इचारलं, बाबा, सैपाक कशावर करता, पंखा किती जुना हाय, बल्ब किती, दुपारी कोनाले चक्कर येते का. मी म्हनलं, मॅडम, बल्बाचं मले इचारू नका, माह्यासाठी चोवीस तास लाइट गेलेलीच हाय. ते पोरगी हसली नाई, बिचारी घाबरली, सॉरी सॉरी म्हने. मंग तिनं काई तरी यंत्र टिनाकडे धरलं आनि म्हने, बाप रे. आकडा तिनं सांगतला, पन मी इसरलो.

गावात निऱ्या गोठी. कोनी म्हने, फुकट कोनी काई देत नाई, टिन पांढरं केलं म्हंजे निशानी केली, उद्या घर घेतीन. कोनी म्हने, किसनबुवाचीच काऊन निवड झाली, आमाले गरमी होत नाई का? त्याचं बी खरंच हाय. मले इचारत तं मी म्हनो, बाप्पा, मले मालूम नाई, मी अर्ज बी केला नाई, मी तं निस्ता पडलो होतो.

मंग मानसं आली. टिनावर पांढरा रंग मारला, साधा नाई, उन्हाले वापस पाठवनारा रंग म्हने. खालून जाडजाड पाट्या ठोकल्या, मॅडम त्याले सिलिंग म्हने. जुना पंखा काढला, तो घरर घरर करे, आनि नवा लावला, कमी लाइट खानारा, आनि मॅडम मोठ्या खुशीनं म्हने, बाबा, ऐका, आवाजच नाही! बल्ब बी बदलले. आनि जाता जाता सांगून गेली, सकाळपासून दारं खिडक्या लावून ठेवायच्या, ऊन उतरल्यावर उघडायच्या, म्हणजे घर गार राहील.

घर गार झालं, खोटं कायले बोलू. असं गार झालं का चैतात मले गोधडी घ्याव वाटली. पन ताई, टिन मुकं झालं. पयल्या दिवशी सकाळी मी उठून बसलो आनि वाट पाहून राह्यलो, आता वाजन, आता वाजन. काईच नाई. मले वाटलं आभाळ असन. पारबती म्हने, आभाळ कुठचं, चांगलं ऊन पडलं, मले उशीर झाला, तुमी सांगतलं काऊन नाई? आनि पळाली वावरात. तठी मुकादमानं तिले बोलनं देल्लं.

तवापासून माह्यी मती गुंग झाली. दार बंद, खिडकी बंद, पंख्याले आवाज नाई, वरून टिनाले आवाज नाई. पारबती गेली का मी त्या घरात एकटा, आनि काळ कुठी गेला ते मले समजत नाई. जेवून घेतलं का नाई हे बी मी भाकरीच्या फडक्याले हात लावून पाहो. एक डाव मी तिले म्हनलं, दिवाई जवळ आली, मंदाले आनाले कोन जाईन?  ते हळूच म्हने, वैशाख हाय वो. आता मले सांगा, जलमभर गार वारा म्हंजे दिवाई आनि आंग भाजलं का वैशाख, हे माह्या आंगाले पक्कं मालूम, आनि आता आंग एक सांगते आनि बायको दुसरं. मी कोनाचं आयकाव?

मंदाले कळलं, तिनं आष्टीहून बोलनारं घड्याळ पाठवलं. बटन दाबलं का बाई बोलते, हिंदीत. चांगली बोलते, नावं नाई ठेवत मी. पन ते म्हनते, सात बजे हैं, आनि मी बसतो इचार करत, कोनते सात? मी तिले इचारतो, बाई, सकाळचे का सांजचे, तं ते पुन्ना म्हनते सात बजे हैं. असा तिचा आमचा संसार.

आता मेन गोठ सांगतो. पारबतीच्या भाचीचं लगन होतं पिपरीले. ते म्हने चला, मी म्हनलं नाई, लगनात मले कोनीबी कुठीबी बसवून देते आनि इसरते. ते सकाळी गेली, भाकर झाकून ठेवली, पानी ठेवलं, म्हने दार लावून बसजा, मी दुपार टळल्यावर येतोच. मी जेवलो आनि उलिसक निजलो. उठलो तं घर गारगार, कुठी आवाज नाई. मी बटन दाबलं. बाई म्हने, बारह बजे हैं. मी इचार केला, बारा वाजता कवा असं गार असते का? आनि रातचे बारा म्हनावं, तं पारबती अजून वापस आली नाई हे बी पटत नाई, ते तं दुपार टळल्यावर येतो म्हने. म्हनून मी ठरवलं का हे बाईच बिघडली हाय आनि सांज होऊन राह्यली. सांजच्याले आमचे सारे बुडे मारोतीच्या पारावर बसतात. मी म्हनलं, चला.

दार उघडलं तं वाफ आली तोंडावर. पन गार घरातून निघालं का सांज बी भट्टीच वाटते, हे मले तवर मालूम झालं होतं, म्हनून मी काई मनावर घेतलं नाई. काठी घेतली, भिंतीभिंतीनं गेलो. रस्त्यावर कोनी नाई. मी म्हनलं, लगनसराई हाय, गेले असतीन सारे जेवाले. पाराजवळ चपला काढल्या, तं गोटा असा तापलेला का पाय उचलून घेतला, तरी मी म्हनलं, दिवसभराचा तापला असन. केवढा येडा हो मी! पायाले चटका बसून राह्यला, डोकं भाजून राह्यलं, आनि मन म्हनते सांज हाय, कारन घरून निघताना गार होतं. बसलो. वामनले हाक मारली, कोनी नाई. मंग कानात भुंगे आले. मंग मले समजलं का हे दुपार हाय, भर दुपार, वैशाखातली. उठलो तं चपला सापडत नाई, काठी कुठी पडली ते मालूम नाई, आनि घर कोनत्या आंगानं ते बी इसरलो. लहानपनापासूनचा पार तो, ताई. मी मायले हाक मारली. मायले जाऊन किती वर्सं झाली.

वामन बालटी घेऊन बैलाले पानी दाखवाले निघाला म्हनून मी आज तुमच्यासमोर हाय. त्यानं त्याच बालटीतलं पानी माह्या आंगावर ओतलं, सावलीत ओढलं, म्हने, किसनबुवा, भर उन्हात पारावर कायले बसले? मी म्हनलं, तुमची वाट पाहून राह्यलो. तो काई मस्करी करू शकला नाई. घरी आनून त्यानं माह्ये पाय बालटीत ठेवले आनि बसून राह्यला.

पारबती लगनाच्या साडीतच पळत आली. मले राग आला होता, भेव वाटलं का रागच येते मले. मी म्हनलं, हे सारं काढून टाकाले सांग. पाट्या काढा, रंग खरडा, माहं टिन मले वापस द्या. जीव वाचवाले आले आनि जीव घ्याले बसले. उद्या मॅडमले फोन लाव.

ते बसली माह्याजवळ. म्हने, लावतो फोन. तुमचा जीव जायापेक्षा तं टिन बरं. मंग बोलली, का मंदाचे बाबा, तुमी टिनाखाली बसून वेळ सांगत होते, मी त्याच टिनाखाली चुलीसमोर भाकरी थापत होती. वावरातलं ऊन परवडे, तठी झाड असते. घरात याव नाई वाटे मले. पदर ओला करून डोक्शावर घेवो, तो भाकरी होयेपर्यंत वाळे. चक्कर येये तं भिंत धरो. यंदा पयल्यांदा घरी याव वाटलं. पन राहू द्या, इतके वर्सं गेले, पुढचेबी जातीन. असं म्हनून ते उठली आनि साडी बदलाले गेली.

मी तसाच बसलो. मले टिनाचा एकएक आवाज मालूम, आनि हे मानूस भिंत धरून उभं राहे ते मले मालूम नाई. ते सांगे काऊन नाई? मी इचारलं तं म्हने, तुमाले तं टिन आवडे ना. आता याले काय म्हनाव, मले समजून नाई राह्यलं, आजबी नाई.

मॅडम आली मंग काई दिवसानं, दुपारचीच आली. सोबत मानूस, शिडी घेऊन. दारातूनच म्हने, बाबा, मला कळलं सगळं, फार वाईट वाटलं, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. घरातलं सिलिंग काढून टाकते, वरचा रंगही घासून देते, पण मग ऊन आत येणारच, सांभाळून राहावं लागेल. काढायचं ना? मी सारं पाठ करून ठेवलं होतं, का हो मॅडम, काढा, माहं मले वापस द्या. तोंड उघडलं.

तेवढ्यात मले आतून आवाज आला. पारबती निजली होती. सकाळच्या कामावरून आली, जेवली आनि तठीच लुगड्याची घडी डोक्शाखाली घेऊन पडली होती. घोरत होती, बारीक, जसं दाण्याचं पोतं उतरवल्यावर मानूस श्वास सोडते तसं. लगन झाल्यापासून वैशाखाच्या दुपारी हे बाई निजलेली मी कवा आयकलीच नाई. मी म्हनो तिले कामाची खाज हाय, दुपारी बी बसत नाई, पाय कायले भाजून घेते, दारापुढच्या छपरीत जाऊन उभी राह्यते. ते कायले छपरीत जाये ते आता समजलं.

मॅडम म्हने, बाबा? काढू ना?

मी म्हनलं, मॅडम, शिडी वापस घेऊन जा. आनि उलिसक हळू बोला, बाई निजली हाय.

तं ते घुटमळली, म्हने, पण तुमचं काय? मी म्हनलं, माहं मले बी नाई मालूम. पानी प्या आनि जा, उन्हाचे आले. त्या शिडीवाल्यानं शिडी उचलली तं दाराले लागली, मी त्याच्यावर असा डाफरलो का तो बिचारा पाय न वाजवता गेला.

आता असंच हाय. मी एकटा दार उघडत नाई, वामन सांजच्याले येऊन हाक मारते तवा काठी घेतो, त्याच्या हाकेवर जगतो म्हना. तो नाई आला तं तसाच बसतो, बाज असली का इनतो, नसली का सुतळी वळतो. सकाळ हाय का सांज, कधी कळते, कधी नाई. माह्या जिवाले ते खटकतेच, गोड लागते असं मी नाई म्हननार, जलमभराची एक गोठ हातातून गेली. सरकारनं चांगलं केलं का वाईट केलं, हे तुमी शिकलेले लोक हा, तुमीच लिहा. मले इचारसान तं मी एवढंच सांगन, दुपारी घरातून तो आवाज येते आनि मी हात थांबवून आयकतो. तुमालेबी ताई, उन्हाळ्याच्या दुपारी अशी झोप लागो.